काटेवाडीचा वाटा

बारामती-इंदापूर भागात लोक शेती बघायला जातात, उजनीच्या काठी पक्षी बघायला जातात, नाहीतर चिलापी माशांवर ताव मारायला जातात. मी गेले ते एक लग्न वाचवायला. परवाच परत आलेय. नाकावरचं कातडं अजून सोलवटलेलं आहे, तोवर लिहून टाकते.

भूगोल शिकवून निवृत्त झाल्यावर आमच्या स्टाफरूममधल्या काहीजणी भजनी मंडळात गेल्या, काहीजणी गुडघ्याच्या डॉक्टरांच्या नादी लागल्या. मी वंशावळ काढायला घेतली, माझ्या माहेरची, वाबळ्यांची. नाशकात आमच्या जेवणाच्या टेबलावर तो मोठा कागद कायम पसरलेला असतो आणि माझे यजमान ताट मांडीवर घेऊन जेवतात. त्यांची काही तक्रार नाही. असली तरी मी ऐकलेली नाही. हौशी लोकांच्या वंशावळी मी पुष्कळ पाहिल्या आहेत. त्यांत गणपतला सखाराम होतो, सखारामला विठ्ठल होतो आणि हे सगळं बाईमाणसाशिवाय पार पडतं. माझ्या कागदावर बायका आहेत. लग्न होऊन गेलेल्या लेकीही आहेत. मी स्वतःच तशी एक असल्यामुळे मला त्या गाळता येत नाहीत.

आता लग्नाचं सांगते. माझ्या धाकट्या भावाची मुलगी मृणाल पुण्यात नोकरी करते. तिथे तिला रोहन ढोले भेटला, काटेवाडीचा. मुलगा शांत, कामाचा, आत्याला बघून उठून उभा राहणारा. दोन्ही घरांना पसंत पडलं आणि बोलणी करायला त्याचे आजोबा, ज्यांना सगळे तात्या म्हणतात, भावाकडे आले. गप्पा रंगात आल्या होत्या. मला कागदावर रोहनची बाजूही भरायची होती, म्हणून मी विचारलं, "तात्या, तुमचं देवक काय?"

ज्यांच्याकडे ही रीत नाही त्यांच्यासाठी सांगते. देवक म्हणजे लग्नाच्या मांडवात बसवायची कुळाची खूण. कुणाची पाच झाडांची पानं, कुणाचं मोराचं पीस, कुणाची एखादी वेल. एका देवकाची माणसं भाऊबंद समजली जातात, आणि भाऊबंदांत सोयरीक होत नाही.

"वासनवेल," तात्या म्हणाले.

माझ्या भावाने बशीत ओतलेला चहा तसाच राहिला. आमचंही देवक वासनवेलच. पाच पानांचं देवक असतं तर शंभर घरांचं असतं, पण वासनवेल सहसा सापडत नाही. तात्यांनी आमच्या तोंडाकडे पाहिलं आणि ते काय ते समजले.

"कळसच्या वाबळ्यांचं देवकबी ह्येच," ते म्हणाले. "त्यांच्या जत्रंचा वाटा दरसाली आमच्याकडं येतो. ते आमचे भाऊबंद. तुमचं मूळ कळसचं असंल, तर ही भावाभावातली सोयरीक झाली. मग न्हाय जमायचं."

"अहो पण तुम्ही ढोले, आम्ही वाबळे!"

"आडनावं बदलत्यात बाई. देवक बदलत न्हाय." त्यांनी टोपी घातली आणि ते उठले.

ते गेल्यावर मृणाल म्हणाली, "आत्या, जगात दुसरा प्रश्न नव्हता का?" प्रश्न बरोबरच होता. उत्तर अर्धं आलं होतं एवढंच. पाच-सहा पिढ्यांनंतर रक्त कितीसं उरतं वगैरे शास्त्र मी तात्यांना फोनवर ऐकवून पाहिलं. त्यांनी ते शांतपणे ऐकलं आणि "जेवलात का?" असं विचारलं. पोरांना नोंदणी कार्यालयात सही करून मोकळं होता आलं असतं. पण रोहनचे वडील फौजेत, वर्षाचे बारा महिने बाहेर, आणि रोहनला लहानाचं मोठं केलं ते तात्यांनी. तो मला म्हणाला, "आत्या, तात्या मांडवात नसतील तर माझ्याच्याने उभं राहवणार नाही." मृणालला ते कळत होतं. ती म्हणाली, "तू जाऊन शोध. भाऊबंद निघालो तर आम्ही थांबू." हे बोलताना तिने माझ्याकडे बघायचं टाळलं. म्हणजे माझ्या कागदावर एक रेघ कुठून कुठे जाते, यावर दोन पोरांचं आयुष्य अडलं होतं.

मला मात्र खात्री होती. आमचे आजोबा नेहमी म्हणायचे, "आपण कऱ्हेकाठचे." कऱ्हेकाठी, कऱ्हाटीत, वाबळे आहेत हे मला ठाऊक होतं. आपण कऱ्हाटीचे ठरलो की कळसशी संबंध नाही, आणि कळसशी नाही म्हणजे काटेवाडीशीही नाही. चैत्राच्या उन्हात मी निघाले ते हे असं पक्कं करून.

बारामती

बारामतीत माझी कॉलेजची मैत्रीण पुष्पा राहते. तिची रक्त तपासायची प्रयोगशाळा आहे आणि घरी आलेल्या माणसाला जेवल्याशिवाय ती रक्तही काढू देत नाही. नाशिककर म्हणून मला रस्त्यांचा जरा तोरा होता, तो बारामतीच्या रुंद, सावलीच्या रस्त्यांनी पहिल्याच संध्याकाळी उतरवला. मिसळीच्या बाबतीत मात्र मी एक पाऊल मागे घेतलं नाही. पुष्पाने तिच्या आवडत्या ठिकाणची खायला घातली; मी ती संपवली आणि "छान उसळ आहे" म्हणाले. ती रात्रीपर्यंत माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिची स्कूटी घेऊन मी आधी काटेवाडीला गेले. शोध त्यांच्या पाठीमागे लावायचा नाही, सांगून लावायचा, असं मी ठरवलं होतं. कालव्याला पाणी सुटलं होतं. तोडून नेलेल्या उसाच्या बुडख्यांना नवे कोंब फुटले होते आणि घराघरापुढे जर्सी गायी सावलीत बसून रवंथ करत होत्या. तात्या गोठ्यापुढे खाटेवर होते. राग वगैरे काही नाही. रोहनची आई शोभाताई, घरच्या पंधरा गायींचं दूध एकटीच्या हिमतीवर सांभाळणारी बाई, हिने चहा केला, घरच्या चक्क्याचं श्रीखंड पुढे ठेवलं आणि संपलं नाही तर वाईट वाटून घेण्याची धमकी दिली.

"शोधा की," तात्या म्हणाले. "मला काय हौस हाय व्हय पोराचं मन मोडायची? तुमची पोरगी गुणाची हाय. पर उद्या भावकीनं तोंडात शेण घातलं तर मी काय सांगू? रीत ती रीत."

शोभाताई मला स्कूटीपर्यंत सोडायला आल्या. "बघा ताई काय जमतंय का," हळू आवाजात म्हणाल्या. "पोरगं जेवना झालंय." मी म्हटलं, काळजी करू नका, आम्ही कऱ्हाटीचे आहोत.

कऱ्हाटी

तालुका एकच, पण काटेवाडीहून कऱ्हाटीकडे जाताना मुलूख बदलत जातो. ऊस मागे पडतो, बाभळी पुढे येतात, माळ लागतात. कऱ्हा नदीच्या पात्रात वाळूपेक्षा दगड जास्त होते आणि पाण्याचा पत्ता नव्हता. हे सगळं भूगोलाच्या तासाला मी वर्षानुवर्षं फळ्यावर काढलं होतं, पण फळ्यावर घाम येत नाही.

वाबळ्यांचं घर विचारत गेले. ओसरीवर दत्तोबा वाबळे नावाचे पन्नाशीचे गृहस्थ बसले होते. मी उत्साहाने कागद उलगडला आणि म्हटलं, "मी वाबळ्यांचीच लेक. आपली वंशावळ काढतेय. आपले पूर्वज एकच असावेत."

दत्तोबांचा चेहरा बदलला. त्यांनी आत हाक मारली. आतून एक भाऊ आला, मागच्या दाराने दुसरा आला, शेजारून एक चुलते चप्पल न घालताच आले.

"कुठल्या गटात?" दत्तोबांनी विचारलं.

"काय कुठल्या गटात?"

"सात-बाऱ्यावर कुठल्या गटात नाव लावायचंय?"

मी हसले, आणि तीच चूक झाली. शहरातली बाई, मोठी पर्स, हातात वंशावळ, वर हसतेय म्हटल्यावर त्यांना दुसरं काही सुचणं शक्यच नव्हतं. चुलते म्हणाले, "लेकीचा हक्क असतो आता, व्हय. पर आज्याच्या आज्यापास्नं मागायचा म्हंजी जरा जास्ती हुतंय बाई." मी जमीन नको, विहीर नको, झाडाचं पानही नको असं शपथेवर सांगितलं. तेव्हा त्यांना आणखीनच संशय आला. शेवटी लग्नाची सगळी हकीकत सांगितली, तेव्हा कुठे ओसरी सैल झाली.

"आसं व्हय! मग आधी सांगायचं न्हाय का?" दत्तोबा म्हणाले, आणि त्यानंतर जे आदरातिथ्य सुरू झालं ते थोपवता थोपवेना. हुलग्याची शेंगोळी, बाजरीची भाकरी, लसणाचा ठेचा. आमच्याकडे हुलगे म्हणजे बैलांचं खाणं. इथे ती शेंगोळी रश्शासकट ओरपताना मला माझ्या बालपणाची कीव आली. दुसऱ्यांदा वाढून घेताना मी मनात वंशावळीची रेघ ओढूनही टाकली होती. असं घर मिळत असेल तर आम्ही कऱ्हाटीचे व्हायला एका पायावर तयार होतो.

हात धुताना विचारलं, "तुमचं देवक वासनवेलच ना?"

"वासनवेल? न्हाय बा. आमचं पंचपल्लव." दत्तोबांनी टॉवेल पुढे केला. "येलाचं देवक कळसच्या वाबळ्यांचं. आमचं त्यांचं सुतकबी न्हाय."

"पण मनमाडला आमचे आजोबा म्हणायचे, आपण कऱ्हेकाठचे."

"आता मनमाडला बसून कळस कुणाला म्हाईत आसणार? जेजुरी म्हाईत, कऱ्हा म्हाईत. सांगितलं आसंल सोपं करून."

माझी सगळी मांडणी त्या टॉवेलाने पुसली गेली. परतताना एका चढावर स्कूटी बंद पडली. बाभळीच्या तुटपुंज्या सावलीत बसून मी मृणालला फोन लावायला घेतला आणि न लावताच ठेवून दिला. तिला काय सांगणार होते? शेंगोळी उत्तम आहेत म्हणून? आता कळसला न जाणंच शहाणपणाचं, असं एक मन म्हणत होतं. आपण कुणाचे हे सिद्ध झालं नाही तर निदान शंकेचा फायदा तरी मिळेल. पण अर्धवट सोडायची माझी जात नाही, आणि संशयावर संसार उभा करायला मी मृणालला तरी सांगितलं नसतं. भीती वाटत होती हे मात्र खरं. पुष्पाच्या नवऱ्याने येऊन प्लग साफ केला, तेव्हा स्कूटी चालू झाली.

कळस

पुढच्या सकाळी इंदापूर तालुक्यातल्या कळसला पोचले तो नेमका जत्रेचा दुसरा दिवस होता. पहिल्या दिवशी देवाला पुरणपोळी, दुसऱ्या दिवशी भावकीचं बोकड, अशी तिथली पद्धत. रस्त्याच्या कडेला पाळणे, कलिंगडाचे ढीग, गोडीशेव आणि कानठळ्या बसवणारा भोंगा. वाबळ्यांचे वडीलधारे आबा देवळामागच्या चिंचेखाली होते. सत्तरी ओलांडलेला उंच, काटक माणूस, डोक्याला गुलाबी पटका. या वेळी मी शहाणी झाले होते. कागद पर्समधून काढलाच नाही.

"नाशकाहून आलेय," मी म्हटलं. "आमचे पणजोबा गणपत वाबळे. मनमाडला रेल्वेत होते."

आबांनी माझ्याकडे नीट बघितलं. "हितं बसा," एवढंच म्हणाले आणि कामाला लागले.

काम वाट्यांचं होतं. जमिनीवर ताडपत्री, तिच्यावर पळसाची पानं ओळीने मांडलेली, आणि प्रत्येक पानावर मटणाचा एकेक ढीग. भावकीतल्या प्रत्येक घराला एक वाटा. घरात माणसं दहा असोत की दोन, वाटा सारखा. हाडाचा तुकडा, काळजाचा तुकडा, चरबी, सगळं प्रत्येक पानावर आलंच पाहिजे. आबांचा मुलगा संभाजी तुकडे टाकत होता आणि भोवती बसलेली म्हातारी मंडळी परीक्षकाच्या नजरेने बघत होती. आमच्याकडे घराची वाटणी करताना कुणी इतकं बारकाईने बघत नाही. मग आबांनी काठीने एकेक पान दाखवत नावं घ्यायला सुरुवात केली.

"थोरल्या घरचा. मळ्यातला. धाकट्या घरचा. ओढ्यापल्याडचा." माणसं पुढे येऊन आपापलं पान उचलत होती. काठी पुढे सरकली. "ह्यो रेल्वेवाल्यांचा."

पुढे कुणीच आलं नाही.

"हा कुणाचा?" मी विचारलं.

"तुमचा," आबा म्हणाले. "गणपत रेल्वेत गेला तवापास्नं ठिवतोय. न्यायला कुणी येत न्हाय, मग वाजंत्र्यास्नी देतो. पर मांडायचा तर लागतोच. घर हाय न्हवं."

मी रडले. चारचौघांत, भोंग्याच्या आवाजात, पदराने तोंड झाकून रडले. आम्ही तिकडे दर दिवाळीला आपल्याला गाव नाही, आपल्याला भावकी नाही म्हणून हळहळत होतो आणि इथे दर चैत्रात आमचं पान मांडलं जात होतं. तो आनंद पुरता अंगात भिनायच्या आतच आबांची काठी शेवटच्या पानावर गेली.

"आन् ह्यो काटेवाडीचा."

संपलं. आम्ही कळसचे, काटेवाडीही कळसची, एकाच ताडपत्रीवर दोघांचे वाटे. मृणालला आता काय सांगायचं याची वाक्यं मी जुळवायला लागले. आपलं काम तरी पुरं करावं म्हणून मी रेल्वेवाल्यांच्या पानाला हात घातला. तेवढ्यात कुणीतरी माझं मनगट धरलं. आबांच्या पत्नी होत्या, राधाकाकू.

"थांबा. लेकीच्या हातात नुसता वाटा देत्यात व्हय? भाऊ आला आसता तर गोष्ट येगळी." त्यांनी कमरेच्या पिशवीतून हिरव्या काठाचा एक खण काढला, माझ्या पानावर ठेवला, वर नारळ ठेवला, मला कुंकू लावलं. "आता घ्या. लेकीला वर खण लागतो."

मी खणाकडे बघितलं. मग ओळीतल्या शेवटच्या पानाकडे बघितलं. काटेवाडीच्या वाट्यावर नारळ होता. नारळाखाली तांबड्या काठाचा खण होता.

"काकू," मी विचारलं, "तो खण कशाला?"

"त्यो लेकीचाच हाय की."

मी पानं, नारळ, माणसं ओलांडून आबांपुढे जाऊन बसले. आबांना यात नवल काय ते कळेना. त्यांचे पणजोबा आणि माझे पणजोबा गणपत हे सख्खे भाऊ, आणि त्यांना एक थोरली बहीण होती. ढोल्यांच्या घरी दिलेली, पण नवरा आईबापावेगळा, म्हणून तो कळसलाच घरजावई राहिला. पोरं इथेच झाली.

"पोरांची लग्नं आमच्याच मांडवात लागली," आबा म्हणाले. "मांडव आमचा, तवा देवकबी आमचंच बसलं. पुढं ती पोरं काटेवाडीला ऱ्हायला गेली. देवक त्येच धरून बसली. आमी म्हणलं, बसू द्या, भाचरंच हायत."

"आणि ते तुम्हाला भाऊबंद समजतात!"

"त्यांनी समजावं काय बी. वाटा लेकीचाच जातो."

भाऊबंद असते तर सोयरीक अशक्य होती. लेकीची माणसं म्हणजे गोष्ट अगदी उलटी. मृणाल रोहनची लांबची का होईना, मामाची मुलगी निघत होती, आणि आपल्याकडे मामाच्या मुलीवर भाच्याचा पहिला हक्क. मला उठून ओरडावंसं वाटलं. ओरडले नाही, जत्रेत ते कुणाला ऐकूही गेलं नसतं.

"तिचं नाव काय होतं?" मी विचारलं.

आबांनी राधाकाकूंकडे पाहिलं, काकूंनी आबांकडे. कुणालाच ठाऊक नव्हतं.

पुन्हा काटेवाडी

दरवर्षी काटेवाडीचा वाटा संभाजी मोटारसायकलवरून नेऊन देतो. या वेळी डबा आणि खण मी माझ्या ताब्यात घेतला आणि त्याला म्हटलं, तू पुढे चल, मी मागून येते. पुढे तो, मागे मी, असे भर दुपारी काटेवाडीत पोचलो. वारा म्हणजे भट्टीतली धग. संभाजी अंगणाबाहेरच लिंबाच्या सावलीत मोटारसायकलवर बसून राहिला. मी सरळ आत गेले आणि खाटेवरच्या तात्यांपुढे डबा ठेवला.

"वाटा आला व्हय," तात्या म्हणाले. मग मान खाली घातली. "म्हंजी तुमी कळसच्याच निघाला."

"कळसच्याच. पण तात्या, वाट्याबरोबर हा खण येतो तो कुणासाठी?"

"कसला खण?"

तात्यांना खरंच माहीत नव्हतं. वाटा आला की डबा आत जायचा आणि रस्सा बाहेर यायचा. मधलं त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. शोभाताई दाराशी आल्या. "येतो की दरसाली," त्या म्हणाल्या. "आता खणाची चोळी कोण घालतंय? मी उशांच्या खोळी शिवते. पर आधी देवापुढं ठिवते. सासूबाई सांगून गेल्यात, सगुणाबाईचा खण आला की आधी देवापुढं ठेव."

"कोण सगुणाबाई?" मी आणि तात्या एकदमच बोललो.

"मला काय ठावं? मला वाटलं, देवी आसंल एखादी."

मग मी सांगायला सुरुवात केली. थोरली बहीण, घरजावई, कळसचा मांडव, वाट्यावरचा खण. मी चांगली शिक्षिका होते. मुद्द्याला मुद्दा जोडून सांगितलं. तात्या ऐकत होते, पण त्यांच्या कपाळावरची आठी हलत नव्हती.

"बाई, खणाचं काय घेऊन बसलात," ते शेवटी म्हणाले. "कुणीतरी कवातरी घातला आसंल, मग पडली रीत. तेवढ्यावर मी देवक मोडू?"

तोवर शोभाताई पाण्याचा तांब्या-पेला घेऊन बाहेर गेल्या होत्या. संभाजीचा आवाज आला, "नको वहिनी, आत्ताच प्यालोय."

हे ऐकलं आणि तात्या एकदम उसळले. "बघा! दरसाली ह्येच. याच्या बापाचंबी ह्येच, आन् त्याच्या बापाचंबी. मी पोरगा हुतो तवापास्नं बघतोय. वाटा द्यायचा आन् दारातनं माघारी. माझ्या बापानं हात जोडलेत, घोटभर पाणी घ्या म्हणून. न्हाय घेतलं. भाऊबंद म्हणवत्यात, आन् आमच्या घरचं पाणी चालत न्हाय. येवढा कसला ताठा?" इतक्या वर्षांत हे ते कुणाजवळ बोलले नसावेत. शोभाताईही चकित होऊन बघत राहिल्या.

माझी आई मला पहिलं मूल होईपर्यंत माझ्या घरी पाणी पीत नसे. नाशकात, तिसऱ्या मजल्यावर चढून आली तरी घरूनच बाटली आणायची; जुनी माणसं तर हे जन्मभर पाळायची. मी तशीच अंगणात गेले. "संभाजी, खरं सांग. तू इथे पाणी का पीत नाहीस?"

तो ओशाळला. "आबांनी सांगितलंय. काटेवाडीत ढोल्यांच्यात पाणी प्यायचं न्हाय. का ते त्यांनी सांगितलं न्हाय, आन् मीबी इचारलं न्हाय."

"आता विचार. लाव फोन, आणि आवाज मोठा कर."

फोनवर आधी भोंगा आला, मग आबा आले. संभाजीने विचारलं, "आबा, ढोल्यांच्या घरी आपुन पाणी का पीत न्हाय?"

"आरं खुळ्या," आबा ओरडले, "लेकीच्या घरचं पाणी पित्यात व्हय कुठं?"

तात्या खाटेवरून उठून दारापर्यंत आले होते. त्यांनी ते ऐकलं. मग चौकटीला हात धरून, स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "म्हंजी ताठा न्हवता."

त्यांनी हात पुढे केला आणि संभाजीकडून फोन घेतला. "आबा, मी काटेवाडीचा तात्या. सगुणाबाई तुमच्या घरची लेक व्हय?"

"नाव काय म्हाईत न्हाय. पर लेक व्हय. तुमास्नी ठावं न्हवतं?"

"न्हवतं."

"आमाला वाटलं, तुमास्नी ठावं हाय."

"मग तुमी आमच्या मामाकडचे."

"व्हय की. मामाकडचेच."

तात्यांनी खांद्यावरच्या टॉवेलाने डोळे पुसले आणि माझ्याकडे बघत फोनमध्ये म्हणाले, "ह्या बाई त्यांची भाची आमच्या रोहनला देत्यात. तुमच्या रेल्वेवाल्यांची पोरगी. मामाची पोरगी घरात येतीया तर आमची ना न्हाय. आमची खुशी हाय, आबा. आमचा आनंद हाय." दारात शोभाताईंनी हात जोडले. मी एका हाताने डोळे पुसत दुसऱ्या हाताने मृणालला 'हो' एवढाच संदेश पाठवला. त्यात दोनदा चुकले.

त्या सगळ्या धावपळीत माझ्या घशाला कोरड पडली होती. कळसपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता. शोभाताईंनी संभाजीने नाकारलेला पेला माझ्या हातात दिला. माठातलं पाणी, बाहेरून घाम फुटलेला पेला.

"लग्नाला सगळी भावकी घेऊन या," तात्या फोनवर सांगत होते. "आन् आबा, झालं गेलं समदं कळलं. आता तरी आमच्या घरचं पाणी प्या."

फोनमधून आबांचं हसू भोंग्याच्या वर ऐकू आलं. "आता कसं प्यावं, तात्या? आजून एक लेक देतोय की तुमच्या घरात."

मला मरणाची तहान लागली होती. पेला ओठांपाशी होता. तो मी तसाच खाली ठेवला.